कॉर्नवॉलचा खाणकामगार कोलारला साहेब कसा झाला?

कामगाराला जात नसते, त्याला फक्त वर्ग असतो, असे आमचे डावे मित्र आम्हाला कित्येक वर्षे ऐकवत आले आहेत. मालक हा एकच शत्रू आणि कामगार तेवढे सगळे एक! ऐकायला फार गोड वाटते. आम्ही येथे पोथीतला वाद घालणार नाही. आम्ही खाणीचा इतिहास मांडणार आहोत. तो इंग्लंडच्या नैऋत्य टोकाला, समुद्रात घुसलेल्या कॉर्नवॉल नावाच्या प्रदेशात सुरू होतो आणि आपल्या देशात, कोलारच्या सोन्याच्या खाणीत येऊन पोहोचतो. आंबेडकरी कार्यकर्त्याने हा इतिहास वाचलाच पाहिजे, कारण त्याच्या शेवटच्या पायरीवर आपलीच माणसे उभी आहेत.

कॉर्नवॉलच्या पोटात तांबे आणि कथील होते. साधारणपणे वरच्या थरात तांबे आणि खूप खोल गेल्यावर कथील. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी जगातल्या एकूण तांब्यापैकी सुमारे दोन तृतीयांश तांबे या एवढ्याशा प्रदेशातून आणि त्याला लागून असलेल्या पश्चिम डेव्हनमधून निघत होते. रेडरूथ, कॅम्बोर्न, ग्वेनॅप, सेंट जस्ट ही तिथली खाणींची गावे. खनिज जहाजाने वेल्समधील स्वान्सीला जायचे, तिथे वितळायचे. त्याचे पत्रे ब्रिटिश आरमाराच्या जहाजांच्या तळाला ठोकले जात. ईस्ट इंडिया कंपनी तर तांबे जहाजात भरून हिंदुस्थानात आणून विकत होती. म्हणजे आपल्याकडच्या देवघरातल्या तांब्या-पळीत कॉर्नवॉलचे तांबे आलेच नसेल असे कोणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही. ते कोणी खणले, कोणाच्या घामाने भिजले, हे भटजीबुवांनी कधी विचारले नाही. तांब्या मात्र सोवळ्यातला!

या खाणीतला पहिला वाटेकरी जमीनदार. त्याने एक पैसा गुंतवायचा नाही, एक दगड उचलायचा नाही, तरी निघालेल्या धातूत त्याचा ठरलेला हिस्सा. दुसरा वाटेकरी भागधारक. त्याला तिथे 'ॲडव्हेंचरर' म्हणजे साहसवीर म्हणत. साहस कसले, तर लंडनमध्ये किंवा ट्रुरोमध्ये बसून भाग विकत घेण्याचे! जमिनीखाली शेकडो फूट उतरणाऱ्याला मात्र कोणी साहसवीर म्हटले नाही.

आता कामगाराची मजुरी कशी ठरायची ते पाहा. खाणीच्या कचेरीसमोर ठरलेल्या दिवशी कामगारांच्या टोळ्या जमत. खाणीचा मुकादम, त्याला तिथे कॅप्टन म्हणत, खाणीतल्या एकेका जागेचे नाव पुकारी. मग लिलाव सुरू होई, पण उलटा! ही जागा खणून जे खनिज निघेल त्याच्या किमतीत पौंडामागे किती शिलिंग घेणार, हे टोळ्यांनी बोलायचे आणि जो सर्वांत कमी बोलेल त्याला काम. काही ठिकाणी मुकादम एक खडा हवेत उडवी आणि तो जमिनीवर पडण्यापूर्वी जी शेवटची बोली येईल ती पक्की मानली जाई. बोली सहसा दोन महिन्यांसाठी. दोन महिन्यांत चांगली शीर लागली तर चार पैसे हाती येणार. नाही लागली तर कुटुंबाने काय खायचे? त्यासाठी कंपनी उचल देणार आणि ती पुढच्या हिशेबातून कापून घेणार. मेणबत्त्या, सुरुंगाची दारू, हत्यारांची दुरुस्ती, सगळे कामगाराच्या खात्यावर. मराठवाड्यातल्या ऊसतोड कामगाराला मुकादम आणि उचल या दोन शब्दांचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. दुसरी पद्धत उक्त्या कामाची होती. तीत इतके हात बोगदा खणला की इतके पैसे, असा हिशेब असे. त्या कामाचीही बोलीच लागत असे.

या पद्धतीचे त्या काळच्या विद्वानांना मोठे कौतुक. म्हणे, येथे कामगार हा मजूर नाहीच, तो मालकाचा भागीदार आहे! भागीदार कसला? नफा झाला तर वाटा घटवायचा, कारण पुढच्या बोलीत मुकादम त्या जागेचा दर पाडणार. आणि तोटा झाला तर तो पूर्ण याचा. खरी मख्खी वेगळीच होती. दर दोन महिन्यांनी ज्या टोळीने शेजारच्या टोळीपेक्षा कमी बोलायचे, ती त्याच टोळीच्या खांद्याला खांदा लावून संप कसा करणार? उत्तर इंग्लंडच्या कोळसा खाणींत संघटना उभ्या राहिल्या तेव्हा कॉर्नवॉल त्या बाबतीत बराच काळ मागे राहिला, त्याचे एक मोठे कारण हे आहे. बटाट्याचे पीक बुडून १८४७ साली धान्य महागले तेव्हा हेच खाणकामगार हजारोंनी रस्त्यावर उतरले. पण ते धान्याच्या व्यापाऱ्यावर चालून गेले. पोट त्यांना एकत्र आणत होते, बोली त्यांना तोडत होती.

आणि काम कसले होते? खाण खोल होत गेली तशी खाली जाण्यायेण्याची शिडीही लांबत गेली. आठ तास अंधारात घण मारल्यानंतर शेकडो फूट शिडी चढून वर यायचे, तेही घामाने निथळत आणि वरच्या थंड वाऱ्यात. १८४२ साली ट्रेसाव्हीन खाणीत माणसे वर-खाली नेणारे यंत्र बसले. ज्यांच्याकडे ते आले नाही त्यांच्याकडे शिडीच. त्या यंत्राचाही भरवसा काय सांगावा? लेव्हंट खाणीतले असे यंत्र १९१९ च्या ऑक्टोबरात तुटले आणि ३१ माणसे गेली. पण अपघाताने मेले त्यांची निदान मोजदाद झाली. छातीने मेले त्यांचे काय? सरकारी चौकशी आयोगाने १८६४ साली नोंदवले की हे कामगार फुफ्फुसाच्या रोगाने अकाली मरतात. पुढे कोरड्या दगडात भोके पाडणारी यंत्रे आली, धूळ वाढली आणि १९०४ साली पुन्हा एका सरकारी अहवालाने सांगितले की दगडाची धूळच त्यांना मारते आहे. दोन अहवालांत ४० वर्षांचे अंतर!

खाणीच्या तोंडाशी बायका आणि मुली काम करत. कॉर्नवॉलच्या जुन्या भाषेत खाणीला 'बाल' म्हणतात, म्हणून त्यांना 'बाल मेडन' म्हणजे खाणीच्या पोरी म्हणत. दहा-बारा वर्षांच्या मुली उघड्यावर, पावसात हातोडे घेऊन वर आलेला दगड फोडत, निवडत, बारीक करत. मजुरी दिवसाला काही पेन्स, पुरुषाच्या मानाने कितीतरी कमी. जिथे खनिजातून सोमल काढला जाई तिथे नाकपुड्यांत कापूस कोंबून आणि अंगाला माती फासून कामगार उभे राहत. १८४२ च्या चौकशीत या मुलांचे जबाब घेतले गेले, पण त्या वर्षी जो कायदा झाला तो प्रामुख्याने कोळसा खाणींसाठी. धातूच्या खाणींना कायदा लागायला १८७२ साल उजाडले. आपल्याकडे बाबासाहेब १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. ते डिसेंबर १९४३ मध्ये धनबाद परिसरातल्या कोळसा खाणीत स्वतः उतरले आणि त्यांच्याच कारकिर्दीत खाणीतल्या स्त्रियांच्या प्रसूती लाभाच्या कायद्यात सुधारणा झाल्या. हे आमच्या किती स्त्री कार्यकर्त्यांना ठाऊक आहे?

तर कॉर्नवॉलचा खाणकामगार पिळला गेला, यात शंका नाही. पण येथे एक फरक नीट लक्षात घ्या. तो गरीब होता, अस्पृश्य नव्हता. त्याच्या गावातल्या मेथडिस्ट प्रार्थनामंदिरात तो नुसता शिरू शकत होता एवढेच नाही, तर रविवारी तोच तिथे प्रवचन करत होता. त्या पंथाने त्याला सोसायला शिकवले ही आमची तक्रार आहेच, पण वाचायलाही शिकवले. डोल्कोथ खाणीच्या मुकादमाचा मुलगा रिचर्ड ट्रेव्हिथिक याने १८०४ साली रुळांवर वाफेचे इंजिन चालवून दाखवले. पेन्झन्सच्या एका लाकूड कोरणाऱ्या कारागिराचा मुलगा हम्फ्री डेव्ही १८२० साली रॉयल सोसायटीचा अध्यक्ष झाला. खाणीतून वर येण्याची शिडी लांब होती, अवघड होती, पण ती होती. मनूने आपल्याकडे ती शिडीच काढून घेतली होती.

१८६६ साली तांब्याचा भाव कोसळला. चिली आणि अमेरिकेतले तांबे स्वस्त पडू लागले. पुढे ऑस्ट्रेलिया आणि मलायातल्या कथलाने उरलेसुरले मोडले. खाणी बंद पडल्या, वाफेच्या पंपांची उंच धुराडी तेवढी कड्यांवर उभी राहिली. माणसे देशोधडीला लागली. मेक्सिको, दक्षिण ऑस्ट्रेलिया, मिशिगन, दक्षिण आफ्रिका... एका शतकात दोन लाखांहून अधिक लोक या छोट्या प्रदेशातून परदेशी गेले. मागे राहिलेल्या बायका पोस्टाने येणाऱ्या पैशांची वाट पाहत बसल्या. त्यांच्या दुःखाबद्दल आम्हाला सहानुभूतीच आहे.

यातलेच काही कोलारला आले. १८८० च्या दशकात तिथे सोन्याच्या खाणी ज्या जॉन टेलर कंपनीच्या व्यवस्थापनाखाली चालू लागल्या, तिच्या मूळ पुरुषाने कॉर्नवॉलच्या तांब्यावरच नाव कमावले होते. कंपनीने आपल्या ओळखीची माणसे आणली. म्हणजे कॉर्नवॉलला जो उलट्या लिलावात उभा राहत होता तो कोलारला मुकादम झाला, देखरेख करणारा झाला. त्याला बंगला मिळाला, क्लब मिळाला. आणि जमिनीखाली घण मारायला कोण? उत्तर अर्काट, चित्तूर या भागांतून आलेले आदि द्रविड, म्हणजे गावकुसाबाहेरचे आपले बांधव. त्यांना बांबूच्या तट्ट्यांच्या झोपड्या. कोलारच्या खाणी पुढे जगातल्या सर्वांत खोल खाणींत गणल्या गेल्या. सोने चोरतील म्हणून त्यांची झडती. १९३० साली बोटांचे ठसे घेण्याच्या सक्तीविरुद्ध त्यांनी संप केला. आणि धूळ? १९४७ च्या सुमारास साडेसात हजारांहून अधिक कामगारांची तपासणी झाली, तेव्हा त्यांतल्या चाळीस टक्क्यांहून अधिक लोकांना सिलिकोसिस असल्याचे आढळले. तीच धूळ, तेच फुफ्फुस. १९०४ चा अहवाल तोवर जुना झाला होता, पण बहुधा तो काळ्या छातीसाठी लिहिलेला नव्हता!

आता आमच्या डाव्या मित्रांना आमचा प्रश्न आहे. धुळीने मेलेल्या बापाचा मुलगा कोलारला आला, तेव्हा त्याने खालच्या कामगारात आपला बाप का पाहिला नाही? त्याला दोष देऊन आम्ही मोकळे होणार नाही. व्यवस्थेने त्याला एक पायरी वर बसवले आणि ज्याच्या खाली कोणी तरी आहे तो वरच्याशी सहसा भांडत नाही. यालाच बाबासाहेब श्रेणीबद्ध विषमता म्हणत. मुंबईच्या गिरण्यांत तर मालक आणि गोरा साहेब बाजूलाच राहू द्या, आपल्याच सवर्ण कामगारांनी विणकाम खात्यात अस्पृश्याला येऊ दिले नाही, कारण धागा तोंडाने ओढावा लागे! म्हणूनच फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांपुढे बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही असे दोन शत्रू सांगितले. एकच सांगितला नाही.

कोलारच्या कामगारांना हे कोणी शिकवावे लागले नाही. पंडित अयोथी दास यांच्या शाक्य बौद्ध संघाची शाखा तिथल्या मारिकुप्पममध्ये विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातच निघाली होती, म्हणजे नागपूरच्या दीक्षेच्या जवळजवळ पन्नास वर्षे आधी! त्यांचे 'तमिळन' हे पत्र त्यांच्या निधनानंतर पुढे कोलारहूनच निघत होते. शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन आणि रिपब्लिकन पक्ष तिथे रुजला. सी. एम. आरुमुगम आणि त्यांच्यानंतर एस. राजेंद्रन हे तिथूनच रिपब्लिकन म्हणून विधानसभेत गेले. महाराष्ट्राबाहेर रिपब्लिकन पक्ष कुठे होता, असे विचारणाऱ्या आमच्याच पुढाऱ्यांनी कोलारचा रस्ता किती वेळा धरला?

कॉर्नवॉलच्या ओसाड धुराड्यांना २००६ साली युनेस्कोने जागतिक वारशाचा दर्जा दिला. पर्यटक येतात, फोटो काढतात. कोलारची खाण २८ फेब्रुवारी २००१ रोजी बंद झाली. तिथे सोने काढून उरलेल्या मातीचे डोंगर अजून उभे आहेत आणि वारा सुटला की त्यांची सायनाईडमिश्रित धूळ कामगारांच्या वसाहतींवर येते. घरातली तरुण पोरे तोवर स्टेशनवर गेलेली असतात. पहाटेच्या गाडीने बंगळूरला मजुरीला जायचे आणि रात्रीच्या गाडीने परत यायचे, असे हजारो जण रोज करतात.