संथ नकाशांची कैफियत

कागदी नकाशात उणिवा पुष्कळ होत्या. घड्यांवर तो विरे, छापला त्या वर्षानंतरचा रस्ता त्यात सापडत नसे, आणि आपण नेमके कोठे उभे आहोत हे त्याला सांगता येत नसे; परंतु एकदा मेजावर पसरला म्हणजे पाहणाऱ्याला तो क्षणभरही ताटकळत ठेवीत नसे. इंटरनेटवरील नकाशाने या साऱ्या उणिवा भरून काढल्या आणि त्यांच्या बदल्यात एक नवीच यातना पदरी घातली: बोट नकाशावर टेकलेले आहे आणि पडद्यावर राखाडी चौकोनांखेरीज काहीही उमटत नाही. अशा वेळी मनुष्य आपल्या फोनला बोल लावतो, नेटवर्कला बोल लावतो, आणि वय झालेले असल्यास आपल्याच अडाणीपणाला बोल लावून गप्प बसतो. वस्तुतः या त्रासाचे मूळ पुष्कळदा नकाशाच्या घडणीतच असते, आणि ती घडण सामान्य वाचकालाही समजण्याजोगी आहे.

अमेरिकेत १९९६ साली सुरू झालेल्या मॅपक्वेस्टसारख्या संकेतस्थळांवर नकाशा किंचित उत्तरेकडे सरकवायचा झाला तरी बाणावर टिचकी मारून सबंध पान नव्याने येण्याची वाट पाहावी लागे. ही अडचण दूर झाली ती लार्स आणि जेन्स रासमुसेन या बंधूंच्या सिडनीतील लहानशा कंपनीच्या कामातून. ती कंपनी विकत घेऊन गूगलने फेब्रुवारी २००५ मध्ये आपला नकाशा लोकांपुढे ठेवला. पृथ्वीचे चित्र आधीच लहान चौकोनी तुकड्यांत कापून ठेवावे आणि पाहणाऱ्याला हवे तेवढेच तुकडे पाठवावेत, अशी ही युक्ती होती. सर्वांत दूरच्या पातळीवर अखिल पृथ्वी एका तुकड्यात मावते. पुढे प्रत्येक पातळीला एकाचे चार तुकडे होतात, आणि गल्ल्या व घरे दिसू लागतात त्या अठराव्या पातळीवर त्यांची संख्या सुमारे ६,८७२ कोटी होते. संगणकाच्या मोठ्या पडद्याला एका वेळी त्यांतील चाळीस-पन्नास तुकडे लागतात, आणि त्यांची मागणी दूरच्या सर्व्हरपर्यंत जाऊन परत यावी लागते. नेटवर्क सशक्त असेल तर ही देवघेव डोळ्याला जाणवत नाही. घाटात किंवा गर्दीच्या स्थानकात ते क्षीण झाले, म्हणजे तिची थकबाकी राखाडी चौकोनांच्या रूपाने पडद्यावर दिसू लागते.

पुढे तंत्र बदलले. तयार चित्रे धाडण्याऐवजी रस्ता कोठून कोठे जातो, तळ्याचा काठ कसा वळतो, एवढीच टिपणे धाडावीत आणि चित्र पाहणाऱ्याच्या यंत्राने काढावे, अशी पद्धत आली. तिच्यामुळे नकाशा हवा तसा फिरविता येऊ लागला आणि अक्षरे रेखीव झाली. मात्र चित्र काढण्याचे कष्ट कंपनीच्या यंत्रशाळेतून उठून वापरणाऱ्याच्या घरी आले. गूगलने मे २०१३ मध्ये अशी नवी आवृत्ती जाहीर केली तेव्हा जुन्या संगणकांवर ती अडखळू लागली, आणि वाटेत अनेक थांबे घेणारा मार्ग आखण्याची पूर्वीची सोयही तीत आरंभी नव्हती. लोकांची नाराजी उघड होती. दुबळ्या यंत्रांसाठी ‘लाइट मोड’ नावाचा हलका नकाशा ठेवावा लागला, आणि जुन्या आवृत्तीकडे परतण्याची मुभा २०१५ पर्यंत चालू राहिली. नव्या यंत्राच्या धन्याला सुधारणा मिळाली आणि जुन्या यंत्राच्या धन्याला तिचा भुर्दंड, असा हा न्याय झाला.

देखणेपणाच्या मोहाने याहून मोठी हानी झाल्याचे उदाहरण त्याच सुमाराचे आहे. सप्टेंबर २०१२ मध्ये ॲपलने आणलेला नकाशा रूपाने सुबक होता, पण त्यातील माहिती इतकी कच्ची होती की कंपनीचे प्रमुख टिम कुक यांना त्याच महिन्यात जाहीर दिलगिरी व्यक्त करावी लागली. डिसेंबरात ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याच्या पोलिसांनी वाहनचालकांना इशारा दिला, कारण मिल्ड्युरा हे शहर त्या नकाशात प्रत्यक्षाहून सुमारे ७० किलोमीटर दूर, एका निर्जल राष्ट्रीय उद्यानात दाखविले होते आणि तेथे पोहोचलेल्या काहींची सुटका पोलिसांना करावी लागली होती.

संथपणाच्या खालोखाल जाच आहे तो गर्दीचा. मनुष्य विचारतो एक रस्ता, आणि उत्तरादाखल त्याला उपाहारगृहे, छायाचित्रे, अभिप्राय आणि जाहिराती यांची रास मिळते. रुमाल मागणाऱ्या गिऱ्हाइकापुढे ठाणच्या ठाण उलगडीत बसणाऱ्या दुकानदाराप्रमाणे हे नकाशे वागतात. ही रास डोळ्यांना तर नको असतेच, शिवाय ती आणायलाही वेळ लागतो, म्हणून गर्दी आणि संथपणा हे दोष परस्परांना पोसतात.

मराठी मनुष्याला यांत गावांच्या नावांची भर पडते. महाराष्ट्रात वडगावे आणि पिंपळगावे इतकी आहेत की नुसते नाव लिहून शोध घेणाऱ्याला भलत्याच जिल्ह्यातील गाव पुढ्यात येण्याचा संभव असतो. त्यातून तेच नाव रोमन लिपीत लिहायचे तर त्याची वर्णरचना तीन-चार प्रकारे होते. आपल्या महसुली दफ्तराने हा घोळ पूर्वीच निस्तरला आहे, कारण तेथे मौजे, तालुका आणि जिल्हा यांवाचून कोणतेही गाव पुरते ओळखले जात नाही. भूमी अभिलेख विभागाचा महाभूनकाशा याच शिरस्त्याने आधी जिल्हा, मग तालुका, मग गाव निवडावयास लावून त्यानंतर गटक्रमांक विचारतो. ही पायऱ्यांची वाट घाईच्या माणसाला लांबची वाटेल, परंतु सातबारा हाती असलेल्या शेतकऱ्याला ती परिचयाची आहे. आणि वापरणाऱ्याच्या परिचयाचा क्रम पाळणे ही सुलभतेची पहिली अट होय.

वाचकाच्या हाती काही उपाय निश्चित आहेत. प्रवासापूर्वी घरच्या वाय-फायवर त्या प्रदेशाचा नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवावा, उपग्रहचित्रांचा थर गरजेपुरताच उघडावा, गावाच्या नावासोबत तालुका लिहावा, आणि चूक आढळल्यास ती कळवावी. ओपनस्ट्रीटमॅपसारख्या लोकनिर्मित नकाशात तर ती स्वतःच दुरुस्त करता येते. परंतु एवढ्याने कर्त्यांची जबाबदारी सरत नाही. नकाशा किती दाखवितो यावरून त्याची थोरवी ठरत नाही. स्वस्त फोनवर, क्षीण नेटवर्कात, घाईत असलेल्या मनुष्याला तो विचारलेले तेवढे किती लवकर आणि किती खरे सांगतो, यावरून ती ठरते. या कसोटीला उतरलेल्या नकाशालाच नवी आवृत्ती म्हणून लोकांच्या माथी मारण्याचा अधिकार असावा.