दोनशे फुटांच्या आत

सकाळी पावणेसात

मिनेसोटातला सप्टेंबर, गवतावर दाट दव. मिनीआपोलिसच्या एका उपनगरातल्या मिडल स्कूलमध्ये मी खेळ शिकवतो, आणि शाळेमागचा डिस्क गोल्फचा कोर्सही माझ्याकडेच आहे. खेळ गोल्फसारखाच, पण चेंडूऐवजी थाळीसारखी डिस्क हाताने फेकायची आणि खड्ड्याऐवजी बास्केट गाठायची; एका बास्केटपर्यंतचा टप्पा म्हणजे एक होल. शाळा भरायच्या आत एक फेरी होते. हातात फावडं असतं, कारण कॅनडाचे रानहंस मैदानात चरायला उतरतात आणि चौथ्या होलच्या टीवर, म्हणजे जिथून पहिली फेक करायची त्या काँक्रीटच्या पट्ट्यावर, घाण करून ठेवतात. त्यावरून पाय सटकला की मूल थेट गुडघ्यावर आपटतं.

मग एकेक बास्केट हलवून बघायची. लोखंडी खांब, वर कडं, कड्यापासून लोंबणाऱ्या साखळ्या, खाली टोपली. डिस्क साखळ्यांवर आदळते, तिचा वेग मरतो आणि ती टोपलीत पडते. एखादी साखळी आकड्यातून निसटली असेल तर तेवढ्या फटीतून डिस्क आरपार जाते, आणि आयुष्यात पहिल्यांदा सरळ फेक साधलेल्या मुलाला वाटतं, आपलंच काहीतरी चुकलं. म्हणून खिशात पक्कड.

ही बास्केट एड हेड्रिक यांची. १९७५ साली कॅलिफोर्नियातल्या ओक ग्रोव्ह पार्कमध्ये त्यांनी पहिला कायमस्वरूपी कोर्स आखला तेव्हा नुसत्या खांबावर नेम धरत. डिस्क खांबाला लागली की नाही यावर वाद व्हायचे. साखळ्यांनी तो वाद मिटवला, आणि १९७७ मध्ये त्यांना पेटंट मिळालं. पण मला त्याहून जवळची वाटतात ती कॅनडातल्या ब्लॅडवर्थ गावची शाळकरी मुलं. सस्कॅचेवान प्रांतातल्या या गावी १९२६ साली ती शाळेच्या आवारात डब्यांची झाकणं फेकत असाच खेळ खेळायची. त्याला टिन लिड गोल्फ म्हणत. हा खेळ शाळेच्या मैदानावर शोभतो की नाही, असं कुणी विचारलं की मी ब्लॅडवर्थचं नाव घेतो.

साडेआठ

सहावीचा वर्ग. सत्तावीस मुलं, नऊ होल. तिघांचा एक गट, प्रत्येक गट वेगळ्या होलपासून सुरू करतो, आणि शिट्टी वाजल्यापासून पाचव्या मिनिटाला अख्खा वर्ग खेळत असतो. बेसबॉलला अर्धी मुलं आपल्या पाळीची वाट बघत नुसती उभी राहतात. ज्याला चेंडू झेलता येत नाही त्याच्याकडे तर सगळ्यांचे डोळे लागलेले असतात. इथे बघायला दोघंच, आणि त्यांनाही आपापली डिस्क शोधायची असते.

नियम थोडके. डिस्क पडली तिथूनच पुढची फेक. बास्केटपासून जो सर्वांत लांब, त्याची पाळी आधी. पुढचा गट होल सोडून गेल्याशिवाय फेकायचं नाही. या शेवटच्या नियमाला माझ्याकडे माफी नाही. कोर्स आखतानाही शाळेच्या खिडक्या, घसरगुंडी आणि बस थांबतात तो रस्ता, या तिन्हींच्या दिशेने एकही फेक जाणार नाही हे आधी पाहिलं आणि मग बास्केट रोवल्या.

मुलांना मी फक्त पटर, म्हणजे जवळच्या फेकीच्या डिस्क देतो, दीडशे ग्रॅमच्या आसपासच्या. लांब फेकीचे ड्रायव्हर कपाटात कुलपात. पातळ कडेचा ड्रायव्हर हवेत नीट राहायला जो वेग लागतो तो अकरा वर्षांच्या हातात नसतो. मग डिस्क चार पावलांवर डावीकडे कलंडते आणि मूल म्हणतं, मला जमत नाही. पटर संथ उडतो आणि सांगितलेलं ऐकतो. मी शिकवतो ते एवढंच: ताकद नको, फिरकी हवी. ओला टॉवेल झटकावा तसा मनगटाचा झटका द्या. फिरकी मिळाली की डिस्कचं डुगडुगणं थांबतं, आणि ते मुलाला स्वतःच्या डोळ्यांनी दिसतं.

साडेअकरा ते एक

जेवणाची सुट्टी, कोर्स बंद. मोकळी धावणारी मुलं आणि उडत्या डिस्क एका मैदानात नकोत.

दोन

गणिताच्या बाई त्यांचा वर्ग घेऊन येतात. प्रत्येक होलचा पार, म्हणजे अपेक्षित फेकी, तीन. दोन फेकींत झालं तर उणे एक, पाच लागल्या तर अधिक दोन. नऊ होलची बेरीज मुलं चालता चालता करतात. ऋण संख्या इतक्या आवडीने मोजलेल्या मी आणखी कुठे पाहिल्या नाहीत.

साडेपाच

शाळा सुटली की कोर्स सगळ्यांना खुला. आज नाशिकहून लेकीकडे आलेले एक आजोबा नातीबरोबर आले. मराठी ऐकून त्यांचा चेहरा खुलला.

"सर, तिकीट किती हो याचं?"

"काही नाही काका, शाळेचं आहे. त्या पेटीतली डिस्क घ्या, जाताना परत ठेवा."

त्यांची पहिली फेक झुडपात गेली. "अहो, ही डावीकडेच का पळते?"

उजव्या हाताने बॅकहँड फेकलेली डिस्क घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरते आणि वेग उतरला की डावीकडे झुकते, असं सांगितलं. त्यांनी नेम जरा उजवीकडे धरला. तिसऱ्या होलला, एकशे वीस फुटांवर, त्यांनी तीन फेकींत पार केला. नातीला चार लागल्या. सत्तरी ओलांडलेला माणूस आणि आठ वर्षांची मुलगी एकाच टीवरून एकमेकांशी खरोखर खेळू शकतात, ते अंतर आखूड, दोनशे फुटांच्या आत आहे म्हणून.

साडेसहा

पाठीवर डिस्कच्या पिशव्या घेऊन मुरलेले खेळाडू आले. चांगली माणसं आहेत, झुडपांतला कचराही उचलतात. त्यांची मागणी जुनीच: सातव्या होलची बास्केट फुटबॉलच्या मैदानापलीकडे न्या, साडेतीनशे फूट करा, इथे काही कस लागत नाही. व्यावसायिक खेळाडू पाचशे फुटांपलीकडे फेकतात हे मला ठाऊक आहे. पण साडेतीनशे फुटांवर आमचा सहावीचा मुलगा सात-आठ फेकी करेल, मागचा गट खोळंबेल, आणि पुढच्या तासाला तो पोट दुखतंय म्हणून बाकावर बसेल. लांब कोर्स या शहरात पुष्कळ आहेत, गाडी काढली की पोहोचता येतं. गाडी न चालवू शकणाऱ्यांसाठी हा एकच आहे.

त्यांना मी दुसरी टी देऊ केली आहे. सातव्याच्या मागे कुंपणापर्यंत जागा आहे, तिथून दोनशे ऐंशी फूट भरतात. लाल खुंटी मोठ्यांची, पिवळी मुलांची. त्यांनी मान डोलावली, काँक्रीटचा खर्चही वाटून घेऊ म्हणाले. उद्या मोजपट्टी घेऊन जागा आखायची. पिवळ्या खुंट्या आणि बास्केट हलवायच्या नाहीत, हे मात्र मी मुख्याध्यापिकांकडून आजच लिहून घेतलं आहे.