रेस दिली की स्पीकरमध्ये ‘कुंईंऽऽ’?

पहिल्या पगारातून सेकंडहँड गाडीत ॲम्प बसवला आणि गाण्यामागे बारीक शिट्टी? रेस वाढवली की तीही चढते? मग बहुतेक अल्टरनेटरचा आवाज स्पीकरपर्यंत पोचतोय. लगेच नवा ॲम्प घेऊ नका! सिस्टीम बंद करून ॲम्पच्या आरसीए वायर काढा, पुन्हा चालू करा. शिट्टी थांबली, तर ती आरसीएमधून येतेय; ॲम्प बहुधा ठणठणीत आहे. नाही थांबली, तर ॲम्प किंवा त्याचं वायरिंग. दोन्हीकडे आधी अर्थिंग बघा. अर्थची वायर आखूड, जाड आणि रंग खरवडलेल्या उघड्या पत्र्यावर घट्ट कसलेली हवी. रंगावरच स्क्रू मारलेला असतो, हे कॉमन आहे. बॅटरीची वायर एका बाजूने, आरसीए दुसऱ्या बाजूने न्या. दुकानदार नॉइज फिल्टर पुढे करेल. तो अगदी शेवटी.