तिकीट दिसतं, मुक्काम दिसत नाही

सुट्ट्या लागल्या की भिलाईच्या रुआबांधा सेक्टरमधल्या मराठी घरांत मुलं ‘इमॅजिका’ या थीम पार्कचं नाव काढतात आणि मोठी माणसं तिकिटाचा दर विचारतात. ओळखीच्या कुटुंबांच्या अशा सहली मी जमवून देतो, त्यामुळे बजेट कुठे कोलमडतं ते जवळून दिसतं. तिकिटाचा दर आधीच कळलेला असतो. हाताबाहेर जातो तो खोलीचा आणि जेवणाचा खर्च. हा योगायोग नाही. थीम पार्कच्या धंद्याने हे गणित फार पूर्वी ओळखलं आहे.

हॉटेल शेजाऱ्याचं

१९५५ साली वॉल्ट डिस्नी यांनी कॅलिफोर्नियात डिस्नीलँड उघडलं, तेव्हा सगळा पैसा पार्क उभारण्यातच गेला होता. हॉटेलचं काम जॅक रॅदर या टीव्ही निर्मात्याने अंगावर घेतलं. नाव डिस्नीलँडचं, मालकी रॅदर यांची! भोवती मोटेलांची रांग लागली आणि मुक्कामाची कमाई इतरांच्या गल्ल्यात गेली. डिस्नी यांच्या हे चांगलंच लक्षात राहिलं. फ्लोरिडात त्यांनी वेगवेगळ्या कंपन्यांच्या नावांनी गुपचूप सुमारे २७ हजार एकर जमीन घेतली. १ ऑक्टोबर १९७१ रोजी तिथलं पार्क उघडलं, तेव्हा आवारातच दोन हॉटेलं तयार होती.

त्यातलं ‘कंटेम्पररी’ बांधलं यूएस स्टील या पोलाद कंपनीने. आधी पोलादी सांगाडा उभा केला, मग बाहेर तयार केलेल्या खोल्या क्रेनने उचलून त्यात बसवल्या. पोलादावर जगणाऱ्या भिलाईत हा किस्सा सांगताना वेगळाच आनंद होतो.

खोपोलीतही तेच

मनमोहन शेट्टी यांच्या अ‍ॅडलॅब्जने २०१३ मध्ये खोपोलीजवळ इमॅजिका सुरू केलं. दोनच वर्षांनी पार्कच्या दाराशी नोव्होटेल आलं. बाहेरचे खाद्यपदार्थ आत नेता येत नाहीत, म्हणजे दुपारचं जेवण आतल्या दरानेच. भिलाईकरांना सवय मैत्री बागेची. भारत-सोव्हिएत मैत्रीची खूण म्हणून १९७२ साली झालेली ही बाग पाहून रात्री घरी जेवता येतं. तो अंदाज खोपोलीला लावला की हिशोब चुकतो.

वेळापत्रक ठरवतं मुक्काम

मधु दंडवते रेल्वेमंत्री असताना १९७७ मध्ये सुरू झालेली गीतांजली एक्सप्रेस आपल्याला सोयीची. ती शेजारच्या दुर्गहून मध्यरात्रीनंतर निघते आणि खोपोलीसाठी उतरायचं त्या कल्याणला पोचेपर्यंत रात्र होते. परतीची गाडी सकाळी लवकर. म्हणजे पार्क एक दिवस पाहायचं असलं तरी दोन रात्रींची खोली आलीच. यातली पहिली रात्र फक्त झोपण्याची. तिच्यासाठी दाराशी महागडी खोली घेऊ नये, साधं स्वच्छ लॉज पुरतं. दुसरी रात्र कल्याणजवळ काढली तर पहाटेची धावपळ वाचते. बरोबर आजी-आजोबा किंवा तान्हं मूल असेल, तर मात्र दाराजवळची खोली पैसे वसूल करते. दुपारी पाठ टेकायला जागा मिळते.

एका वहिनींनी मला विचारलं होतं, “भाऊजी, खोलीच्या भाड्यात नाश्ता धरलाय का? सगळ्यांचा की दोघांचाच?” इतका नेमका प्रश्न क्वचितच कुणी विचारतं. स्वस्त वाटणाऱ्या खोलीत नाश्ता वेगळा, मुलाची गादी वेगळी, पार्कपर्यंतची गाडी वेगळी. सगळं मिळवलं की ती महाग खोलीच्या जवळ जाते. म्हणून तुलना भाड्याची न करता माणशी एका दिवसाच्या एकूण खर्चाची करावी. सकाळी पोटभर नाश्ता, आत एकदाच नीट जेवण आणि रात्रीचं जेवण बाहेर, हा क्रम खिशाला झेपतो.

तेव्हा मंडळी, पुढची सहल ठरवताना कागदावर आधी मुक्काम मांडा, मग जेवण आणि शेवटी तिकीट. बेरीज झेपत असेल तरच बुकिंग करा. मग तिथे मुलांनी आइस्क्रीम मागितलं तर नाही म्हणावं लागणार नाही.