कसबाच्या दोन वाटा

एखाद्या कामात अर्धे आयुष्य घालविलेला मनुष्य त्या कामात तरबेज होतोच, अशी आपली साधारण समजूत असते. परंतु हे तरबेजपण एकाच जातीचे नसते, ही गोष्ट गियो हातानो आणि कायोको इनागाकी या जपानी मानसशास्त्रज्ञांनी १९८६ साली एका निबंधात मांडली. एक तज्ज्ञ शिरस्त्यातले काम झपाट्याने व बिनचूक उरकतो. दुसरा, आपण हे असेच का करतो याची उमज असल्यामुळे, परिस्थिती पालटताच नवी रीत बसवितो.

पहिल्या जातीचा नमुना हातानो यांना सोरोबानवर, म्हणजे मणी सरकवून हिशेब करण्याच्या जपानी चौकटीवर, सापडला. त्यात पारंगत झालेले लोक चौकट हाती न धरता, केवळ तिचे चित्र मनात उभे करून आकडेमोड करतात. अशा अव्वल जाणकारांना एकदाच ऐकलेले १५-१६ अंक ओळीने म्हणून दाखविता आले, जेथे सामान्य माणसाची मजल सातांच्या आसपास संपते. पण अंकांऐवजी अक्षरे किंवा फळांची नावे ऐकविताच हेच धुरंधर तुम्हांआम्हांसारखे झाले! आपल्याकडे अबॅकसच्या वर्गाला मुले धाडणाऱ्या पालकांनी ही हकीकत ऐकून ठेवावी.

दुसऱ्या जातीचा उगम इनागाकी यांना पाच वर्षांच्या मुलांत दिसला. घरी गोल्डफिश पाळणाऱ्या मुलांना त्या माशाच्या खाण्यापिण्याची माहिती अधिक असावी यात नवल नाही. नवल हे, की कधी न पाळलेल्या बेडकाविषयी विचारले असताही ती माशावरून अनुमान बांधू लागली. बेडकाचे पिल्लू कायम तेवढेच ठेवता येईल का, या प्रश्नावर, आपला मासा वाढला तसा तोही वाढणारच, अशा धर्तीचे उत्तर त्यांनी दिले.

या दोन विद्वानांच्या मते दुसऱ्या प्रकारचे कसब तेथे वाढते, जेथे कामात नित्य काही फेरफार घडत असतात, चुकीबद्दल जबर दंड नसतो, आणि भोवतालची माणसे निव्वळ कामाच्या उरकापेक्षा समजुतीची कदर करतात. माशाला जरा वेगळ्या रीतीने खाणे घातले म्हणून कोणी गुण कापीत नाही.

पहिला तज्ज्ञ कमअस्सल असे मात्र मुळीच नव्हे. खजिन्यातल्या रोकडीच्या मेजावर मला तोच बसलेला हवा. तक्रार आहे ती आपल्या परीक्षांविषयी, कारण ठरलेले प्रश्न ठरलेल्या वेळात सोडविण्याचीच बक्षिशी देऊन त्या केवळ त्याचीच पैदास करतात.