उघड्यावरच्या लाकडाचे खरे वैरी

देहरादूनच्या वन संशोधन संस्थेत लाकडाचा टिकाऊपणा तपासण्याची एक जुनी आणि निर्दय पद्धत आहे. ६० सेंटिमीटर लांबीचे, ५ सेंटिमीटर चौरस दांडके घ्यायचे, अर्धे जमिनीत पुरायचे आणि ऊन, पाऊस, वाळवी, बुरशी यांच्या हवाली करायचे. ठरावीक काळाने उपटून बघायचे. ओळीने पुरलेल्या या दांडक्यांमुळे तिला ‘ग्रेव्हयार्ड टेस्ट’ असे नाव पडले. सरासरी १२० महिने किंवा जास्त टिकले ते लाकूड पहिल्या वर्गाचे, ६० ते १२० महिने टिकले तर दुसऱ्या आणि त्याआधीच संपले तर तिसऱ्या. साग पहिल्या वर्गात बसतो. आंबा आणि सावर तिसऱ्यात. भारतीय मानकांतली ही वर्गवारी लाकूड विकणाऱ्यांना तोंडपाठ असते. तिच्यातली एक अट मात्र ग्राहकाला कोणी सांगत नाही. पुरलेले दांडके झाडाच्या गाभ्याचे असते.

गच्चीवरचा लाकडी डेक, बंगल्याच्या दर्शनी भिंतीवरचे फळ्यांचे क्लॅडिंग यांची हौस पुण्या-मुंबईपासून कोकणातल्या होमस्टेपर्यंत पसरली आहे. ‘सागच लावला होता, तरी तीन पावसाळ्यांत कुजला,’ ही तक्रारही त्याच वेगाने पसरते आहे. अशा फळीचे टोक नीट बघितले, तर बहुतेक वेळा कारण तिथेच दिसते. एका कडेला पांढुरका पट्टा असतो आणि कूज तिथूनच सुरू झालेली असते.

जिवंत झाडात सालीलगतचा हा पांढरा भाग पाणी वर नेतो आणि पिष्ट साठवून ठेवतो. आतल्या पेशी मरतात तेव्हा झाड त्यांच्यात निरनिराळी रसायने भरते आणि त्यातून गाभा तयार होतो. सागाच्या गाभ्यातले टेक्टोक्विनोन वाळवीला दूर ठेवते, तर तेलकट आणि रबरासारखे पदार्थ पाणी सहज शिरू देत नाहीत. पांढऱ्या भागात यातले जवळजवळ काहीच नसते. असते ते पिष्ट, म्हणजे किडीचे अन्न. लागवडीतला साग लहान वयात तोडला की त्यात पांढरा भाग जास्त आणि गाभाही कोवळा मिळतो. म्हणून अर्ध्या पांढऱ्या सागापेक्षा फणसाची निव्वळ पिवळ्या गाभ्याची फळी मला जास्त भरवशाची वाटते. मुरलेला साग काय करू शकतो, हे पाहायचे तर इंग्लंडमधल्या हार्टलपूल बंदरात जावे. मुंबईच्या गोदीत जमशेटजी बमनजी वाडिया यांनी बांधलेली आणि १८१७ साली पाण्यात उतरलेली ‘ट्रिंकोमाली’ ही सागवानी युद्धनौका तिथे आजही तरंगते आहे.

आता पाणी. हवेतल्या दमटपणाप्रमाणे लाकूड ओलावा घेते आणि सोडते. पुण्यात एप्रिलच्या कोरड्या दुपारी लाकडातला ओलावा त्याच्या कोरड्या वजनाच्या सात-आठ टक्क्यांवर येतो, तर मुंबईच्या भर पावसाळ्यात तो १८-१९ टक्क्यांपर्यंत चढतो. कूज आणणाऱ्या बुरशीला मात्र साधारण ३० टक्के ओलावा लागतो. पेशींच्या भिंती पूर्ण भिजून आतल्या पोकळीत मोकळे पाणी उरते, ती ही पातळी. २० टक्क्यांच्या खाली लाकूड सुरक्षित मानतात. याचा सरळ अर्थ असा, की आपली कुप्रसिद्ध दमट हवा एकटी लाकूड कुजवू शकत नाही. साचून राहिलेले पाणी ते कुजवते. दोन फळ्यांच्या चिमटीत अडकलेले, स्क्रूच्या भोकात उतरलेले, कुंडीखाली महिनोन्‌महिने राहिलेले.

जुन्या कोकणी घरांना हे पक्के ठाऊक होते. लाकडी खांब जमिनीत न गाडता दगडी तळखड्यावर उभा करायचे, म्हणजे जमिनीतली ओल वर चढत नसे. छपराच्या पागोळ्या भिंतीपासून लांब पडायच्या. पावसाच्या तोंडावर वाऱ्याच्या बाजूला माडाच्या झावळ्यांचे आडोसे बांधायचे आणि पाऊस सरला की काढून टाकायचे. क्लॅडिंगमागचे शास्त्र याहून फारसे वेगळे नाही. बाहेरची फळी पाऊस झेलते, तिच्यामागे २०-२५ मिलिमीटरची मोकळी जागा असते आणि आत शिरलेले थोडे पाणी तिथून खाली निथळून जाते. त्यासाठी ही पोकळी खाली आणि वर उघडी हवी. किडे येऊ नयेत म्हणून जाळी बसवावी. फळ्या थेट गिलाव्यावर ठोकल्या, तर पाणी मागच्या बाजूला अडकते आणि समोरून देखण्या दिसणाऱ्या भिंतीच्या आत कूज सुरू होते.

डेकच्या फळ्यांमध्ये फट ठेवायला सांगितली, की अनेकांना ते सुताराचे ढिले काम वाटते. पण १०० मिलिमीटर रुंदीची सागाची फळी एप्रिल ते जुलै या काळात सुमारे २ मिलिमीटर फुगू शकते, आणि साग तर कमी हलणाऱ्या लाकडांपैकी आहे. पाच-सहा मिलिमीटरची फट ठेवली, तर फुगलेल्या फळ्यांमधूनही पाणी खाली जाते. फळीच्या कापलेल्या टोकांची जास्त काळजी घ्यावी. झाडातल्या पाणी वाहणाऱ्या नळ्यांची तोंडे तिथे उघडी असतात, त्यामुळे टोके सपाट बाजूपेक्षा कित्येक पटींनी वेगाने पाणी पितात. प्रत्येक काप घेतल्यावर लगेच तिथे मेणयुक्त सीलर लावायला सांगा. स्क्रू स्टेनलेस स्टीलचेच घ्या, समुद्रकाठी ३१६ दर्जाचे. साध्या लोखंडाशी लाकडातल्या टॅनिनचा संयोग झाला की काळेनिळे ओघळ उतरतात.

उन्हाचा मारा वेगळा असतो. अतिनील किरण लाकडात जेमतेम ७५ मायक्रोमीटर, म्हणजे केसाच्या जाडीइतके शिरतात. पण तेवढ्या थरातले लिग्निन ते फोडतात. पेशींना एकत्र धरणारा हा पदार्थ पावसाने धुऊन जातो, मागे फिकट सेल्युलोज राहते, त्यावर पृष्ठभागी बुरशी चढते आणि फळी राखाडी होते. लोक घाबरतात ते या रंगाला. खरे तर तो कुजल्याचा रंग नाही. ऊनपावसाने झिजण्याचा वेग पाइनसारख्या मऊ लाकडात शंभर वर्षांत सुमारे ६ मिलिमीटर आणि कठीण लाकडात त्याच्या निम्मा धरतात. हे मोजमाप थंड हवेतले आहे, आपल्याकडे झीज जास्त होईल. तरीही चांगल्या गाभ्याची राखाडी फळी अजून कित्येक वर्षांची सोबती असते.

म्हणून उघड्यावर चकचकीत पॉलिश चढवण्याच्या मी ठाम विरोधात आहे. व्हार्निश किंवा पॉलियुरेथेनचा थर लाकडाइतका फुगत-आकसत नाही. त्याला बारीक चिरा पडतात, पाणी आत जाते आणि थरामुळे बाहेर पडायला वाट उरत नाही. पापुद्रे सुटले की सगळे खरवडून पुन्हा सुरुवात करावी लागते. त्यापेक्षा लाकडात मुरणारे, रंगकण आणि अतिनीलरोधक घातलेले तेल बरे. ते फिकट होत जाते, पण सोलत नाही. धुऊन-पुसून वरून नवा हात देता येतो. रंगकण महत्त्वाचे, कारण ऊन तेच अडवतात. नितळ, बिनरंगी तेल उन्हात लवकर हार मानते. नुसते जवसाचे तेल तर बुरशीला खाद्य ठरते आणि फळी काळवंडते. होड्यांना लावतात ते काजूच्या टरफलाचे तेल गुणाने चांगले, पण रंगाने काळपट आणि कातडी भाजणारे आहे.

स्वस्त पाइन वापरायचे, तर दाबाखाली रसायने मुरवलेलेच घ्यावे. या क्षेत्रातला एक मोठा शोध भारतातला आहे. १९३३ साली देहरादूनच्याच संस्थेत सोंटी कामेशम यांनी तांबे, क्रोमियम आणि आर्सेनिक यांचे मिश्रण तयार केले. तांबे बुरशीला रोखते, आर्सेनिक किड्यांना, आणि क्रोमियम दोघांना लाकडाच्या तंतूंशी जखडून ठेवते, त्यामुळे पावसाने ते सहज धुऊन जात नाही. जगभर विजेचे खांब आणि धक्क्यांचे खुंट या मिश्रणाने टिकवले. पुढे आर्सेनिकची धास्ती वाढली आणि २००३ च्या अखेरीस अमेरिकेतल्या उत्पादकांनी घरगुती डेकसाठी ते थांबवले. मुले अनवाणी खेळतात तिथे तांब्यावर आधारलेली, आर्सेनिकविरहित प्रक्रिया मागून घ्या. बोरॅक्स-बोरिकची प्रक्रिया घरात उत्तम; पावसात मात्र ते क्षार विरघळून जातात. जुने रेल्वे स्लीपर देखणे दिसतात, पण त्यातले अनेक क्रिओसोटमध्ये भिजवलेले असतात आणि ते कर्करोगकारक आहे. बसायच्या जागी ते नकोतच.

तेलाचा हात पावसाळ्याआधी, लाकूड पूर्ण वाळलेले असताना द्यावा. फेब्रुवारी-मार्च उत्तम, आणि तोही सावलीच्या वेळी. काम झाल्यावर तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा कोपऱ्यात टाकू नका. जवसासारखे तेल हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावताना उष्णता सोडते आणि असा बोळा काही तासांत आपोआप पेट घेऊ शकतो. चिंध्या मोकळ्यावर एकेक पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा, आणि सुतारालाही हे आवर्जून सांगा.