कंबरदुखी आणि डोळ्यांची साक्ष

भातलावणीच्या दिवसांत कंबर धरली नाहीं असा शेतकरी विरळाच. शेक देतात, तेल चोळतात, पंधरा दिवसांत दुखणें ओसरतें आणि मनुष्य पुन्हां ओझ्याखालीं जातो. दुखणें गेलें म्हणजे कंबर बरी झाली, असा सर्वांचा समज असतो. कचेरींत तीस वर्षें दप्तरें उपसणाऱ्या प्रस्तुत लेखकाचाही तोच होता. म्हणूनच दरसाल एकदां अंथरूण धरावें लागे.

हा समज चुकीचा असल्याचें ऑस्ट्रेलियांतील क्वीन्सलंड विद्यापीठाच्या जूली हाइड्स व त्यांचे सहकारी यांनीं दाखविलें. कण्याच्या दोहों अंगांस मल्टिफिडस नांवाचे खोल स्नायु असतात. बांधावरील गवताच्या मुळ्या मातीस धरून ठेवतात, तद्वत् हे मणक्यांस धरून ठेवतात. सोनोग्राफीनें पाहतां, ज्या बाजूस दुखतें त्याच बाजूचा स्नायु रोडावलेला त्यांस १९९४ सालीं आढळला. पुढें १९९६ सालीं त्यांनीं प्रथमच कंबर धरलेल्या ३९ रोग्यांच्या दोन गटांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. एका गटास नेहमींचे औषधोपचार, दुसऱ्यास त्यांजबरोबर ह्या स्नायूचा व्यायाम. चार आठवड्यांत दुखणें दोहोंकडे बहुतेक गेलें; परंतु व्यायाम न केलेल्यांचा स्नायु भरून आला नाहीं. वर्षभरांत पहिल्या गटांतील शेंकडा ८४ जणांचें दुखणें उलटलें, दुसऱ्यांतील शेंकडा ३० जणांचें. रोगी थोडे होते हें खरें. तरी अंतर लहान नव्हे.

आतां जो स्नायु दिसत नाहीं तो आवळावा कसा? नुसतें सांगितलें तर मनुष्य श्वास कोंडतो, पाठ वांकवितो, भलतेच स्नायु ताणतो. येथें सोनोग्राफीचा पडदा कामास येतो. रोग्यास पालथें निजवून, कणा न हलवितां व श्वास चालूं ठेवून, उपचारकाच्या बोटांखालचा स्नायु हळूहळू फुगवावयास सांगतात. साधल्यास पडद्यावर तो जाड होतांना दिसतो. न साधल्यास चित्र जागचें हलत नाहीं. हिशेबाची चूक ताळा पाहतांच कळावी, तसें हें आहे.

ऑस्ट्रेलियांतीलच बेनेडिक्ट वँड व सहकारी यांनीं २०१२ सालीं आरसा वापरून पाहिला. न्हाव्याच्या दुकानांत दिसते तशी स्वतःची पाठ पाहत रोगी हालचाल करूं लागले, तेव्हां ठणका कमी वाढला व लौकर उतरला. रोग त्यानें गेला असें मात्र नव्हे. जुनाट दुखण्यांत असले सूक्ष्म व्यायाम इतर व्यायामांहून विशेष सरस असल्याचेंही २०१६ च्या कॉक्रेन समीक्षेंत दिसलें नाहीं. पाय बधिर वा दुबळा होणें, लघवी तुंबणें, हीं लक्षणें असल्यास व्यायाम बाजूस ठेवून तत्काळ डॉक्टर गांठावा.

मजकडे यंत्र नाहीं. एका व्यायामोपचारकानें एकदां पडद्यावर दाखविलें, तेव्हां महिनाभर नेटानें चाललेला माझा व्यायाम भलताच निघाला. आतां सकाळीं पालथा निजतों व नातू कण्याशेजारीं बोटें ठेवून "आजोबा, फुगला" म्हणून सांगतो. तो शाळेस लौकर गेला कीं त्या दिवसाचा व्यायाम राहतो.